नमुना खरा, माल खोटा: टॅबच्या ‘वॉटरप्रूफ’ कव्हरांत बुडालेले २७,७२० रुपये

आधी आकडे सांगतो. टॅबची १४ कव्हरं, नग १,९८० रुपये, एकूण २७,७२०. भिजून मेलेला टॅब २४,९९९ चा. सर्व्हिस सेंटरने नुसता उघडून बघायचे ५९० घेतले आणि बोर्ड बदलायचे १३,२०० अधिक जीएसटी, म्हणजे १५,५७६ सांगितले. वॉरंटी शिल्लक होती, पण आत पाणी दिसल्यावर कसली वॉरंटी! अब्रूचा हिशेब वेगळा, कारण माझा धंदा गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. हसून घ्या. लाइनीतल्या सगळ्यांचं हसून झालंय.

सोसायटीच्या कमिट्यांना हल्ली प्रत्येक थराचा फोटो लागतो. कोबा टाकायच्या आधीचा, नंतरचा, गच्चीत पाणी भरून ठेवलं त्याचा, तारखेसकट. म्हणून साईटवर पोरांच्या हातात टॅब दिले. एकीकडे सिमेंटचा राडा, दुसरीकडे पुण्याचा जुलै. साध्या टॅबला मुळात पाण्याची कसलीच हमी नसते, तेव्हा कव्हर लागणारच होतं. जाहिरात फोनवर आली, पुढचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. कॅटलॉग, माशांच्या टाकीत बुडवलेल्या टॅबचा व्हिडिओ, भिवंडीचं गोदाम, वाक्याला दोनदा ‘सर’. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण मी काही डोळे मिटून पैसे फेकले नाहीत. आधी एक नमुना मागवला, २,६५० रुपयांना. रिकाम्या कव्हरात टिश्यू पेपर घालून, वर बत्ता ठेवून, रात्रभर बादलीत बुडवला. सकाळी टिश्यू कोरडा ठणठणीत. मग आत जुनी डायरी घालून छातीएवढ्या उंचीवरून कडप्प्यावर टाकला, टवकासुद्धा उडाला नाही. याच्यापेक्षा जास्त काय तपासायचं असतं, सांगा. लॉटमध्ये भाव १,९८० वर आला, तेव्हाही मला काही वावगं वाटलं नाही. आम्ही केमिकलचे ड्रम घेतो तेव्हा एकाचा भाव आणि विसाचा भाव असाच वेगळा असतो. माझ्यासाठी चार, लाइनीतल्या दोघा मित्रांसाठी आठ आणि मेहुण्याच्या क्लाससाठी दोन अशी ऑर्डर झाली. मीच सगळ्यांना सांगितलं, बिनधास्त घ्या, मी तपासलंय.

आता ती जागा, जिच्यामुळे अजून झोपेत दात खातो.

नमुन्याच्या वेळी क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर फर्मचं नाव आलं होतं, बिलावर होतं तेच. निम्मा अ‍ॅडव्हान्स, १३,८६०, भरायच्या वेळी विक्रेत्याने नवा क्यूआर पाठवला आणि नाव आलं एका बाईचं. मी थांबलो. अंगठा पिनच्या चौकटीवर होता आणि मी खरंच थांबलो. फोन लावला. ‘सर, करंट अकाउंटची आजची लिमिट संपली. मिसेसच्या खात्यावर टाका, बिल फर्मचंच देतो.’ मागे खोक्यांना टेप मारल्याचा चर्र चर्र आवाज चालू होता, माझाच माल पॅक होतोय असं वाटावं इतका वेळेवर. सकाळी ११ ला कुठल्या धंद्याच्या खात्याची पैसे घ्यायची लिमिट संपते? पण बायकोच्या खात्यावर टाका, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना कितीदा तरी सांगितलंय. पुण्यात असं न सांगणारा एक कॉन्ट्रॅक्टर दाखवा. टाकले पैसे. उरलेले १३,८६० माल निघायच्या आधी, त्याच बाईला. तुम्ही टाकू नका. क्यूआरवरचं नाव आणि बिलावरचं नाव एक नसेल, तर समोरचा काहीही सांगो, फोन ठेवून द्या.

माल आला. खोकं तेच, स्टिकर तेच, ‘आयपी६८’ आणि ‘मिलिटरी ग्रेड’ सोनेरी अक्षरांत. पाऊस लागलेला होता, त्याच दिवशी कव्हरं वाटली. धायरीच्या एका गच्चीवर आम्ही पाणी भरून ठेवलं होतं, जेमतेम चार इंच. पोराने फोटो काढून टॅब कठड्यावर ठेवला, तो घसरून पाण्यात पडला. पोराने लगेच उचलला. स्क्रीनच्या कडेने करडी सावली आत सरकत गेली आणि कॅमेऱ्याच्या काचेमागे थेंब दिसायला लागले. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. ते काय म्हणाले ते लिहीत नाही.

घरी येऊन एक कव्हर कटरने उभं कापलं. नमुन्यात कडेने खाच होती आणि खाचेत सलग, बिनजोडाचं सिलिकॉनचं रबर बसवलेलं होतं. यात खिडकीच्या फटीला लावतात तसली स्पंजची पट्टी चिकटवलेली, आणि कोपऱ्यात तिची दोन टोकं भेटतच नव्हती. मधल्या फटीतून आगपेटीची काडी आरपार गेली. चार्जिंगचं बूच पोकळ. स्पीकरच्या भोकांवर आतून पातळ पडदा असावा लागतो, हवा जाते पण पाणी जात नाही असा. इथे नुसती जाळी. बाहेरून बघाल तर दोन्ही कव्हरं जुळी. म्हणून सांगतो, नमुना तपासून उपयोग नाही. आलेल्या लॉटमधला प्रत्येक नग रिकामा बुडवा, आत टिश्यू घालून निदान अर्धा तास. घाईत असाल तर टॅब कव्हराबाहेर ठेवा.

स्टिकरबद्दल थोडं, कारण आता मी त्यात पारंगत झालोय. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. आयपी६८ मधला ६ धुळीचा, ८ पाण्याचा. पाण्याच्या जागी ७ असेल तर त्याचा अर्थ ठरलेला आहे, एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ, ते बनवणाऱ्याने स्वतः सांगायचं असतं. ते जिथे छापलेलं नाही तिथे ८ हा आकडा वाचूच नका. शिवाय ही चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यातली असते, साबणाच्या किंवा सिमेंटच्या पाण्यातली नव्हे. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक. त्यातली नेहमी मिरवतात ती चाचणी म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायचं, सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, तेही दोन इंची प्लायवूडवर. अमेरिकेचं लष्कर कुणाच्या कव्हराला सर्टिफिकेट देत बसत नाही, चाचणी कंपनी आपली आपण करते किंवा लॅबकडून करून घेते. आणि पाडून टिकलं म्हणजे बुडवून टिकेल असं अजिबात नाही. ‘१० ते ११ इंचाच्या सगळ्या टॅबना बसेल’ असं लिहिलेलं वॉटरप्रूफ कव्हर तर हातातही धरू नका. प्रत्येक मॉडेलचा कॅमेरा, माइक, बटणं वेगळ्या जागी असतात, मग सील बसणार कुठे? झिपची पिशवी असेल तर गोष्ट वेगळी.

त्याच्या बिलाची गंमत सीएने दाखवली. पत्ता भिवंडीचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या साईटवर कुणालाही फुकटात नंबर टाकून नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं बघता येतं. पैसे भरायच्या आधी बघा, नंतर बघायला सीए असतोच. भिवंडीतल्या एका ओळखीच्याला त्या पत्त्यावर पाठवलं, तर तिथे यंत्रमाग चालू होते.

आता आपली यंत्रणा. चौकीत हवालदारसाहेबांनी कव्हर हातात घेतलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. ‘चांगलंय की. माल आला ना तुमचा? मग फसवणूक कशी?’ दिवाणी मॅटर आहे म्हणाले. खोटा माल देऊन पैसे घेणं दिवाणी, तर मग बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम ३१८, आपलं जुनं ४२०, कशासाठी ठेवलंय? मग हद्दीचं पुराण. मी राहतो कोथरूडला, पैसे भरले मार्केट यार्डातून, टॅब भिजला धायरीला, समोरचा भिवंडीचा, नंबर दिल्लीचा. कुणीही माझी हद्द मान्य करेना. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, असं मी मोबाइलवर दाखवलं. ‘वकील आहात का?’ नाही, कोबा टाकतो. जाताना साहेबांनी विचारलं, हे कव्हर कुठे मिळतं, पोराच्या टॅबला पाहिजे होतं.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, समोरचं खातं गोठवायचं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेकडून लेखी आणा. एका मदतवाहिनीवरच्या मुलीने फार गोड आवाजात विक्रेत्याचा खरा पत्ता मागितला. अहो, तो असता तर मी तुम्हाला फोन केला असता का? सगळे सांगतात ऑनलाइन करा, आणि ऑनलाइन केलं की सगळे सांगतात समक्ष या. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर चांगला आहे, पैसे गेल्या गेल्या लावला तर रक्कम मधेच अडवता येते. पण आमच्या प्रकारात पैसे गेलेत हे कळायलाच पाऊस पडावा लागतो.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही, अर्ज ई-जागृती या सरकारी साईटवर करता येतो, हे सगळं खरं. वकिलाने पंधरा हजार सांगितले आणि वर एक मेख दाखवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी घेतला असेल तर सूट आहे, पण १४ नग, वर माझा जीएसटी नंबर टाकून घेतलेले! समोरचा पहिला मुद्दा तोच काढणार. काढायला समोर आला तर. दोन-चार नगांसाठी बिलावर आपला जीएसटी नंबर टाकायच्या आधी हे डोक्यात ठेवा.

मित्रांचे १५,८४० परत केले. मेहुण्याने ३,९६० घेतले नाहीत, त्याचा क्लास कोरडाच असतो म्हणे. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने मात्र सरळ सांगितलं, ‘पावसाच्या शिंतोड्यांना चालेल, बुडवायचं असेल तर माझ्याकडून घेऊ नका.’ त्याच्याकडून घेतली, पक्क्या बिलावर.

खोटी कव्हरं आणि बिल मी टाकून दिलेलं नाही. तुमच्याकडे असला माल आला असेल तर खोकं फेकू नका, पेमेंटचा स्क्रीनशॉट जपा आणि नाव कुठल्या बाईचं आलं होतं ते कळवा. एकट्याचा अर्ज साहेब ड्रॉवरमध्ये सारतात. त्याच खात्यावर पैसे गेलेले चार जण एकत्र गेलो, तर निदान हद्द कुणाची ते तरी त्यांना ठरवावं लागेल.