बामणोली–वासोटा बोट एकदम भारी, तंबूवाल्याने मात्र निराश केलं

डिसेंबरात आम्ही चौघं साताऱ्याहून कास मार्गे बामणोलीला गेलेलो, साधारण 35 किलोमीटर, शेवटचा उतार वळणावळणाचा आहे त्यामुळे अंधार पडायच्या आत पोचा. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं बॅकवॉटर. बोटीचं भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं असतं म्हणून आम्ही पुण्याच्या एका ग्रुपबरोबर शेअर केली आणि सकाळी लवकर निघालो. पाण्यावर धुकं होतं, थंडीने हात बधिर झालेले. नावाडी काका मधेच पाण्याकडे हात करून म्हणाले "हितं खाली आमची शेती हुती", आणि नंतर बराच वेळ बोटीत कोणी बोललंच नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, घालायलाच लावली, हे मला फार आवडलं.

दीड तासाने मेट इंदवली, म्हणजे वासोटा किल्ल्याचा पायथा. इथून पुढे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. बॅगा उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं सगळं मोजतात, डिपॉझिट घेतात, येताना तेवढंच दाखवलं की परत. वेळ जातो पण खरंच सांगते, वाटेवर एक रॅपर दिसलं नाही! वाटेत गव्याचं शेण होतं, अगदी ताजं, गाइड दादांनी हातानेच गप्प राहायची खूण केली. गवा नाही दिसला पण जरा वर शेकरू दिसलं, फांदीवर पोट टेकून फळ कुरतडत होतं, लांबलचक झुपकेदार शेपटी खाली लोंबत होती आणि सालीचे तुकडे आमच्या पुढ्यात पडत होते. दहा मिनिटं तिथेच उभे होतो. किल्ल्यावरून बाबू कडा बघितल्यावर पाय आपोआप मागे येतात.

आता तंबू. नाव घेत नाही. पिठलं-भाकरी, ठेचा उत्तम, अंथरूण स्वच्छ, पण रात्री साडेबारापर्यंत पाण्याच्या काठावर मोठ्ठा स्पीकर चालू. तीनदा जाऊन सांगितलं, दरवेळी "पाच मिनिटात बंद करतो ताई". अहो समोर जंगल आहे, पाण्यावरून आवाज किती लांब जातो! जनावरं रात्री पाण्यावर येतात, ती कशी येणार? मला मनापासून राग आला.

बुकिंग करताना आधी स्पीकरचं विचारा, जेवणाचं नंतर. बोट आणि गाइडला पाचपैकी पाच, तंबूला दोन. फेब्रुवारीत आईला घेऊन परत जातोय, मुक्काम दुसरीकडे बघितलाय, बोट मात्र त्याच काकांची सांगून ठेवलीये.