दिवाळीची कार्डं: स्क्रीनवर, ब्रशनं की लिनोवर?

सप्टेंबर लागला की टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या ओळखीच्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "यंदा कार्डं घरी करायची म्हणतोय, कशानं करू?" मी तिन्ही प्रकार करून पाहिलेत. चार वर्षं स्क्रीनवर डिझाइन करून दुकानातून छापून घेतली, दोन वर्षं गुआशनं (पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग) एकेक रंगवली आणि आता बरीच वर्षं लिनो कोरतोय, म्हणजे मऊ पत्रा कोरून त्याचा ठसा कागदावर उमटवतोय. त्यामुळे माझं माप एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट. ग्राफिक डिझाइन म्हणजे पोटापाण्याचं काम, कार्ड म्हणजे हौस आणि पेंटिंग म्हणजे खरी कला, अशी उतरंड आपल्या डोक्यात असते. कॅनडात ती फारशी टिकत नाही. निसर्गचित्रकार टॉम थॉमसन आणि १९२० साली 'ग्रुप ऑफ सेव्हन' या निसर्गचित्रकारांच्या गटात एकत्र आलेल्यांपैकी बरेचजण त्याआधी टोरंटोच्या 'ग्रिप लिमिटेड' या डिझाइन कंपनीत जाहिराती, अक्षरं आणि मांडणी करत होते. त्यांच्या पाइन वृक्षांची ती ठाम, सपाट बाह्यरेषा बघताना मला नेहमी वाटतं, हा हात अक्षरं काढून तयार झालाय. तेव्हा कार्ड करताना चित्रकलेचा विचार करायला संकोचू नका.

स्क्रीनवरच्या कामाचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत, ते उगाळत नाही. शंभराच्या वर कार्डं हवी असतील, फोटो घालायचा असेल, मराठीबरोबर इंग्रजी आणि फ्रेंच मजकूरही हवा असेल, तर दुसरा विचार करूच नका. चित्रकार टेड हॅरिसन यांनी वायव्य कॅनडातल्या युकॉनची जी चित्रं रंगवली, आकाशाचे नागमोडी पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला सपाट, झगझगीत रंग, तशा पद्धतीचं काही डोक्यात असेल तर स्क्रीनवर ते फार छान जमतं.

माझं घोडं अडलं ते घडीवर. चौथ्या वर्षी मी गडद निळ्या रात्रीचं कार्ड केलं होतं, पुढून मागपर्यंत सलग आकाश आणि कोपऱ्यात एक आकाशकंदील. स्क्रीनवर ते देखणं दिसत होतं. दुकानातून साठ कार्डं आली, पहिलं दुमडलं आणि घडीवर निळा रंग तडकला. वरपासून खालपर्यंत एक बारीक, दातेरी पांढरी रेघ. बोट फिरवलं तर निळी भुकटी बोटाला लागली. लेझर छपाईत रंग कागदात मुरत नाही. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती वितळून कागदावर थर होऊन बसते आणि जाड कागद दुमडला की तो थर फुटतो. दुकानानं पुन्हा छापून दिली, या वेळी घडीची रेघ आधी दाबून घेतली आणि कागदाच्या तंतूंची दिशाही सांभाळली. रेघ बारीक झाली, गेली नाही. मी निळी पेन्सिल घेऊन साठ घड्या रंगवत बसलो. घडीपाशी रंगच न ठेवणं हा उपाय आहे, ऑफसेटवर (मोठ्या संख्येसाठीची प्लेटवरून होणारी शाईची छपाई) हा त्रास कमी होतो असंही ऐकलंय. पण मला ते सलग आकाश हवं होतं आणि साठ कार्डांसाठी ऑफसेट परवडत नाही. तुमचं डिझाइन पांढऱ्या कागदावर मोकळं असेल तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही.

हातानं रंगवण्याबद्दल थोडक्यात. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या चित्रकार मॉड लुइस (१९०१–१९७०) नवऱ्याबरोबर मासळी विकायच्या फेरीवर जात आणि आपली रंगवलेली नाताळची कार्डं दारोदार विकत. संधिवातानं वाकडी झालेली बोटं आणि तेच तेच बैल, तीच मांजरं, पण प्रत्येक चित्र टवटवीत. ती ताकद माझ्यात नाही. पहिली दहा कार्डं मी मन लावून केली. पुढची करताना मन भरकटलं आणि ते रंगात दिसायला लागलं. आई-वडील, गुरुजी, दोन-चार जवळचे मित्र, एवढ्यांसाठी मात्र रंगवलेल्या कार्डाला तोड नाही. फक्त रंग पातळ ठेवा. कॅनडातले चित्रकार किम डॉर्लंड यांच्या जंगलांच्या चित्रांसारखे रंगाचे जाड थर भिंतीवर शोभतात, पाकिटात ते एकमेकांना चिकटतात.

आता लिनो. जवस तेल आणि बुचाची भुकटी यांचा हा पत्रा. जे कोराल ते पांढरं राहतं, जे ठेवाल त्याला शाई लागते. अंगणातला बर्च मी असाच कोरला. रुंद पात्यानं खोडाचा अख्खा पट्टा काढून टाकला, मध्ये फक्त आडव्या काळ्या खुणा राखल्या आणि दहा मिनिटांत झाड उभं राहिलं. त्याच्या फांदीला कंदील. अक्षरं उलटी कोरावी लागतात म्हणून लोक बिचकतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलनं सुलट लिहा, पालथं घाला, पाठीवर घासा. लिनोवर आपोआप उलटं उमटतं. शिरोरेषा पात्याच्या एका ओढीत निघते. वेळ खातात ती 'शुभ'मधल्या भ ची गाठ आणि 'दीपावली'तल्या वेलांट्या.

अडचणी आहेत. इथल्या थंडीत तळघरात ठेवलेला लिनो दगडासारखा होतो, पातं घसरतं आणि बोट कापतं. पाच मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीखाली ठेवा, मग तो लोण्यासारखा कापला जातो. तेलाची शाई सुकायला आठवडा धरा. आणि चाळीस कार्डांच्या पुढे खांदा बोलायला लागतो, कारण प्रेस नसेल तर प्रत्येक कागद लाकडी चमच्यानं पाठीमागून घासावा लागतो.

तरीही. शाई मऊ कागदात मुरते, त्यामुळे ठशाची रात्र घडीवरून पलीकडे नेली तरी माझं एकही कार्ड अजून तडकलेलं नाही. शिवाय पाठीवर बोट फिरवलं की ठशाचा दाब लागतो. कॅनडाच्या उत्तरेतल्या किनगाइट गावच्या इन्युइट (तिथले मूळ रहिवासी) कलाकारांचे दगडी ठसे आठवा. केनोजुआक अशेवाक यांचं ते पिसारा फुलवलेलं घुबड १९६० साली दगडावरूनच छापलं गेलं आणि १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं. रंग किती ठेवायचा आणि पांढरं कुठे सोडायचं, एवढ्या दोनच निर्णयांवर ते पाखरू उभं आहे.

पहिलंच वर्ष असेल तर तळहाताएवढा तुकडा घ्या, एकच रंग, पंचवीस कार्डं. दिवाळीच्या चार आठवडे आधी कोरायला बसा. एक आठवडा कोरण्यात जाईल, एक छापण्यात, एक दोरीवर चिमट्यांनी वाळत घालण्यात आणि उरलेला पोस्टाला लागेल. वाळलं की नाही हे बघायला कार्डाच्या कोपऱ्यावर टिश्यू दाबा. काळा डाग आला नाही तरच पाकिटात घाला.