म्हापशातलं टीव्ही रिपेरीचं दुकान: आर्केडचा मॉनिटर दाखवायचा तर इथे

जुन्या आर्केड मशीनचा (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा) मॉनिटर गेलाय आणि कोणीतरी एलसीडी बसवून टाका म्हणतंय, तर थांबा, आधी म्हापशाला जाऊन या. मार्केटच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, बोर्डवरची अक्षरं उडालीत, पण आत अजून पिक्चर ट्यूबवाल्या डब्यांची थप्पी दिसते, तेच ते.

आमचं मशीन 19 इंची. पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ, बाकी सगळा काळोख, आवाज मात्र चालू. आधी ज्याला दाखवलं तो एलओटी, म्हणजे मॉनिटरमधला मोठा ट्रान्सफॉर्मर, गेला म्हणाला आणि आकडा असा सांगितला की घाम फुटला. अरे पण हाय व्होल्टेज एलओटीतूनच येतं ना, तो मेला असता तर रेघ तरी कुठून दिसली असती? इथल्या काकांनी नुसतं बघून सांगितलं, व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. आणि सगळ्यात आधी ब्राइटनेस खाली घेतला, कारण तशी रेघ चालू ठेवली तर ट्यूबवर तिचा डाग कायमचा बसतो.

मग प्लग काढून ट्यूबमध्ये साठलेला चार्ज वायरने उतरवला, वायरचं दुसरं टोक ट्यूबमागच्या अर्थिंगच्या जाळीला. वीसेक हजार व्होल्टचं प्रकरण आहे आणि मशीन बंद केलं तरी चार्ज राहतो, त्यामुळे घरी व्हिडिओ बघून हे करू नका प्लीज. भिंगातून दाखवलं तर व्हर्टिकल आयसीच्या पायांभोवती बारीक गोल चिरा, ड्राय सोल्डर. तापून गार होऊन तापून सोल्डर सुटतंच, त्यात आपली खारी हवा. सोल्डर मारल्यावर चित्र उघडलं पण वरून दाबलेलं, मग सुकलेले कंडेन्सर काढून 105 डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे टाकले आणि चित्र सरळ. आयसी बदललीच नाही! पार्ट धरून 1400 रुपये. कोपऱ्यात जांभळा डाग होता तो डिगॉस कॉइल (ट्यूबला लागलेलं चुंबकत्व काढणारी) फिरवून घालवला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून देतात, आणि "उद्या या" चा उद्या कुठला ते देवालाच ठाऊक. फोकसही अजून किंचित मऊ आहे, काका म्हणतात ट्यूब म्हातारी झाली, मला वाटतं एलओटीवरचा फोकस थोडा फिरवला असता तर सुधारलं असतं. म्हणून चार स्टार.

जाताना गेमचा बोर्ड आणि त्याचा पॉवर सप्लाय बरोबर न्या, कारण त्यांच्याकडे फक्त केबलचा सिग्नल आहे आणि आर्केडच्या मॉनिटरला चॅनेल पकडणारा ट्यूनरच नसतो, त्याला आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल) आणि चित्र जागेवर धरणारं सिंक लागतं. शुक्रवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही, आणि दुपारी एकनंतर शटर खाली, चारपर्यंत विसराच.