विश्रामबागेतील श्वसन-पुनर्वसन केंद्र : बारा आठवड्यांचा अनुभव

न्यूमोनिया बळावून वडिलांना एआरडीएस (फुफ्फुसांत दाहाने पाणी साचून रक्तातला ऑक्सिजन घसरणारा गंभीर आजार) झाला, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर काढून ते घरी आले आणि महिना उलटला तरी न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांना धाप लागत होती, म्हणून सांगलीतील विश्रामबागेतल्या एका श्वसन-पुनर्वसन केंद्रात आम्ही नाव नोंदवले. आधीच्या रुग्णालयाने घरी सोडताना "संसर्ग गेला, आता काळजी नाही" एवढेच सांगितले होते. पुढची तपासणी कधी करायची याची एक ओळही डिस्चार्ज कार्डावर नव्हती, आणि ते मला आजही खुपते.

केंद्रातील छातीरोगतज्ज्ञ मॅडमनी पहिल्याच भेटीत दिलेला पाऊण तास ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. एचआरसीटीची (फुफ्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनची) फिल्म उजेडावर धरून, जाळीसारख्या बारीक रेषांवर पेनाचे टोक ठेवत त्यांनी वडिलांच्या "संसर्ग गेला, मग हे व्रण कुठून आले?" या प्रश्नाचे उत्तर दिले. वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली की तेथील मॅक्रोफेज या संरक्षक पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ असे रासायनिक निरोप सोडतात, इंटरल्युकिन-८ च्या हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात आणि त्यांच्या विकरांमुळे अस्तर आणखी सोलवटते. याच धामधुमीत टीजीएफ-बीटा हा आणखी एक निरोप जागा होतो. एरवी तो ऊतींमध्ये निष्क्रिय रूपात बांधलेला असतो. अस्तराच्या पेशींवरील इंटिग्रिन नावाची प्रथिने त्याला मोकळे करतात, आणि त्याच्या हुकुमाने डागडुजी करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींचे अधिक जोमदार मायोफायब्रोब्लास्ट होऊन त्या कोलॅजेनचे चिवट तंतू विणू लागतात. ही मुळात डागडुजीच आहे. अस्तर वेळेत पुन्हा भरून आले तर ती थांबते, निरोप येतच राहिले तर मऊ फुफ्फुस ताठर होते. उंदरांच्या फुफ्फुसांत केवळ इंटरल्युकिन-१ बीटा वाढवले तरी दाहातून व्रण तयार होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. एआरडीएसच्या रुग्णांच्या फुफ्फुसातील द्रवात तर कोलॅजेन तयार होत असल्याच्या खुणा पहिल्या चोवीस तासांतच सापडतात. दाह ओसरल्यावर व्रण धरतो, ही माझी समजूत तेथे मोडली; दोन्ही कामे बरोबरच सुरू होतात.

वडिलांची उभी हयात हळदीच्या अडतीवर गेली, तेव्हा हळदीच्या दुधाचा प्रश्न येणारच होता. प्रयोगशाळेतील पेशींवर हळदीतले कर्क्युमिन हे दाहाचे निरोप दडपते, पण पोटातून रक्तात ते फारच थोडे पोहोचते, म्हणून दूध आवडीने घ्या, औषध समजू नका, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिबचा आग्रह आमच्या एका नातलगांनी धरला होता. ही औषधे प्रामुख्याने आयपीएफसारख्या (कारण न कळता होणाऱ्या) वाढत जाणाऱ्या फायब्रोसिससाठी, म्हणजे फुफ्फुसातील व्रणांसाठी आहेत, एआरडीएसनंतरच्या रेषा पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत आपोआप फिकट होतात, तेव्हा आधी पाहू, असे त्यांनी सांगितले. महागडी चिठ्ठी सहज लिहिता आली असती. ती लिहिली नाही, याचे मला मोल वाटते.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस असतो. पहिल्या दिवशी सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत, दोन नारिंगी शंकूंमधल्या तीस मीटर पट्ट्यावर वडील २१० मीटर चालले आणि रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांवरून ८६ वर आला. "काका, बोलू नका, नुसते चाला," असे म्हणत फिजिओथेरपिस्ट ताई बोटावरच्या ऑक्सिमीटरवर नजर ठेवून मागून चालत होत्या. बाराव्या आठवड्यात अंतर ३६५ मीटर झाले आणि ऑक्सिजन ९१ च्या खाली गेला नाही. व्यायामाने व्रण विरघळत नाही, पायांचे स्नायू आणि श्वासाची लय सुधारते, हेही त्यांनी आरंभीच सांगून ठेवले होते.

उणिवा आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. धापेच्या रुग्णाला एकोणीस पायऱ्या चढायला लावणे मला अजिबात पटले नाही. रक्तात वायू किती मिसळतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी येथे होत नाही, ती बाहेरून करून आणावी लागते. सकाळची तुकडी लवकर भरते, म्हणून डिस्चार्ज मिळाल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवावे. आम्ही तब्बल महिनाभर उशीर केला.