हृदय तरुण करणारं ‘ग्रोथ हार्मोन’: कॅप्सूल, स्प्रे की इंजेक्शन?

ग्रोथ हार्मोन, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून सुटणारं वाढीचं हार्मोन, घेतलं की हृदय आणि धमन्या तरुण होतात, असा जाहिरातींचा दावा. कॅप्सूल, स्प्रे आणि इंजेक्शन या तिघांना पाचपैकी गुण देऊन पाहू. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं आधी वाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘ग्रोथ हार्मोन बूस्टर’ कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ग्रोथ हार्मोन नसतंच. असतात ती आर्जिनिन, ऑर्निथिन, लायसिन ही अमिनो आम्लं. पिट्यूटरी ग्रंथीची तपासणी करताना डॉक्टर आर्जिनिन देतात हे खरं, पण ते शिरेतून, वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम, जास्तीत जास्त ३० ग्रॅम आणि तेही अर्ध्या तासात. कॅप्सूलमध्ये मिळतात काहीशे मिलिग्रॅम. मात्रा वाढवून तोंडानेच दहाएक ग्रॅम घ्यायला गेलात, तर आधी पोट बिघडेल. पाचपैकी एक गुण, तोही निरुपद्रवी असल्याचा.

स्प्रेला शून्य. हे हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी. एवढा मोठा रेणू जिभेखालून रक्तात शिरत नाही आणि गिळला तर वरणातल्या प्रथिनासारखा पचून जातो.

खरं औषध इंजेक्शनातूनच मिळतं, मुख्यतः सोमाट्रोपिन, म्हणजे कारखान्यात बनवलेलं हेच हार्मोन. हृदयाचा दावाही अगदी हवेतून आलेला नाही. गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या पिट्यूटरीत हे हार्मोन बनत नाही, त्यांच्या पोटावर चरबी साठते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, मानेतल्या धमनीचं अस्तर जाड होतं. अशा रुग्णांना हार्मोन दिलं की यात सुधारणा दिसते. यकृत या हार्मोनच्या हुकमावर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं, आणि त्यामुळे धमनीच्या आतल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल करतात.

गफलत पुढे आहे. वयानुसार हार्मोन कमी होणं म्हणजे ही कमतरता नव्हे. जाहिराती ज्याच्या जोरावर चालतात तो १९९०चा अमेरिकी अभ्यास साठी ओलांडलेल्या मोजक्या पुरुषांवरचा होता. इंजेक्शन घेणारे फक्त १२. सहा महिन्यांत चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं. या वजनात अंगात साठलेलं पाणीही धरलेलं असतं, हे जाहिरात सांगत नाही. धमन्या तरुण झाल्याचं तर त्यात कुठेच नाही.

उलट, हार्मोन जास्त झालं की काय होतं ते ॲक्रोमेगॅली या आजारात दिसतं: हृदयाच्या भिंती जाड होतात, हृदय नीट सैल होत नाही, रक्तदाब आणि साखर चढते. हृदय फुगून कमजोर झालेल्या ५० रुग्णांवर १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही डाव्या कप्प्याचं वस्तुमान वाढलं, रुग्णांच्या तब्येतीत फरक पडला नाही. जाड झालेलं हृदय म्हणजे जोरकस हृदय नव्हे.

डॉक्टरांनी कमतरता सिद्ध करून दिलं असेल तर मात्र इंजेक्शनच्या पेनला चार गुण. साठीपुढे सुरुवात दिवसाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमने, रात्री झोपताना, जागा रोज बदलून. इथे सर्वांत महागात पडणारी चूक एककाची: १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. कुणाच्या सांगण्यावरून चार युनिट टोचले तर ते झाले १.३ मिलिग्रॅम, म्हणजे कमीत कमी सहापट. अंगठी घट्ट होणं, पाय सुजणं, रात्री बोटांना मुंग्या येणं ही मीठपाणी साठल्याची खूण. डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यायचा. दर एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ पाहून मात्रा ठरते, सोबत एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणीही हवी, कारण हे हार्मोन इन्सुलिनच्या विरोधात काम करतं. कर्करोग सक्रिय असेल तर हात लावू नये.

‘अँटी-एजिंग पॅकेज’मधली ग्रोथ हार्मोनची एकच रक्तचाचणी पैसे वाया घालवणारी. हे हार्मोन झटक्याझटक्याने सुटतं, मुख्यतः गाढ झोपेत. सकाळी दहाला आकडा शून्याजवळ आला तरी त्याचा अर्थ काही नाही. आयजीएफ-१ बरं, पण त्या वयाच्या सामान्य पट्ट्याशी ताडून. कुपोषण, यकृताचा आजार किंवा हाताबाहेर गेलेला मधुमेह असेल तर तेही खोटं कमी दाखवतं.

औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. पावडरची व्हायल (छोटी बाटली) असेल तर औषधासोबतचं पाणी काचेच्या कडेने सोडा आणि तळव्यात हलकेच फिरवा. खळखळून हलवलं तर फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. साध्या पाकिटातून, बर्फाच्या पिशवीशिवाय कुरिअरने आलेली व्हायल उघडूच नका, परत करा.