‘मेड इन जपान’ डीएस-१ आणि आतला भलताच बोर्ड

बॉस या जपानी कंपनीचं नारिंगी डीएस-१, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं, पायाने दाबायचं डिस्टॉर्शन पेडल. जाहिरातीत लिहिलेलं: ‘मेड इन जपान, १९८० च्या दशकातलं, सगळे पार्ट ओरिजिनल, जाणकारांनीच मेसेज करावा.’ किंमत साडेआठ हजार. जुळे सोलापुरातल्या, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका मुलाने ते घेतलं. हातात आलं ते असं: डबा खरोखरच बॉसचा, पण नंतरच्या काळातल्या तैवानी डीएस-१ चा. तळाला जपानचं लेबल नव्याने छापून चिकटवलेलं. आणि आत ट्यूब स्क्रीमर या दुसऱ्याच, मऊ आवाजाच्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या धर्तीवरचा स्वस्तातला तयार सर्किट बोर्ड. म्हणजे जपानी सोडा, ते डिस्टॉर्शन पेडलही नव्हतं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की आपल्याकडे पेडल हातात घेऊन, आपल्या गिटारवर वाजवून निवडायची संधी कमीच मिळते. पुण्या-मुंबईचा पोरगा चार दुकानं फिरून ठरवतो. सोलापूरचा पोरगा व्हिडिओ बघून ठरवतो आणि बजेट कमी असलं की ग्रुपवरचा जुना माल घेतो. फसवणाऱ्याला एवढं पुरतं.

व्यवहार झाला सोलापूर स्टेशनबाहेर, पहाटे. विकणारा गावचाच, पुण्यात नोकरीला, हुतात्मा एक्स्प्रेसने परत निघालेला. गावचा माणूस म्हटल्यावर विश्वास बसतो, आणि गाडीची वेळ झाली म्हटल्यावर घेणारा घाई करतो. तिथे ॲम्प नाही, गिटार नाही. त्याने खिशातली केबल इनपुटमध्ये खोचली, पेडल पायाने दाबलं, लाल दिवा लागला. ‘लाइट लागली की ओ, अजून काय बघायचंय?’ पैसे यूपीआयने गेले आणि दोन दिवसांत नंबर ब्लॉक झाला.

दिवा लागला म्हणजे बॅटरीचा करंट दिव्यापर्यंत पोचला, एवढंच सिद्ध होतं. बॉसच्या पेडलमध्ये बॅटरीची उणे बाजू इनपुट जॅकमधून जाते. म्हणून इनपुटला केबल लावल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि केबल लावून ठेवली की न वाजवताही बॅटरी उतरते. दिव्याचा आणि आवाजाचा संबंध तिथेच संपतो. मधली चिप जळालेली असली, डायोड उडालेले असले, नाहीतर आत भलताच बोर्ड असला, तरी दिवा खुशाल लागेल.

घरी वाजवल्यावर मुलाच्या कानाला खटकलं ते बरोबर होतं. खऱ्या डीएस-१ मध्ये आधी एक ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवतो, मग ऑप-अँप ही चिप वाढवते आणि त्यानंतर दोन सिलिकॉन डायोड तो सिग्नल जमिनीकडे (ग्राउंडकडे) कापतात. याला हार्ड क्लिपिंग म्हणतात. लाटेचं डोकं सपाट छाटलं जातं, म्हणून आवाज खरखरीत आणि धारदार येतो. टोनचं सर्किट ५०० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पाडतं, त्यामुळे टोन मध्यावर ठेवला की आवाज थोडा पोकळ लागतो. डिस्टचा (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारा) नॉब पूर्ण खाली आणला तरी सूर अगदी स्वच्छ होत नाही. ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटात डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, बसतात. कापणं मऊ होतं, साधारण ७०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी विकृत होतो आणि मधले सूर पुढे येतात. त्यामुळे जाड ई तारेवर पाम म्यूट करून (तळहाताने तार दाबून) वाजवलं, की डीएस-१ पोटातून ढकलतं आणि ट्यूब स्क्रीमर नाकात बोलल्यासारखं वाजतं. मुलाची तक्रार नेमकी तीच होती: नॉब कितीही फिरवा, खालची तार दबूनच राहते.

मग खालची पत्री काढली. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, साधा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरतो. आतला बोर्ड डब्याच्या मूळ भोकांवर बसतच नव्हता, म्हणून ग्लू गनने चिकटवलेला. त्यावर आठ पायांची ४५५८ चिप, चार पाय या बाजूला, चार त्या बाजूला. १९७८ ला डीएस-१ बाजारात आलं तेव्हापासून ९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात तोशिबाची टीए७१३६ ही चिप होती. तिचे सात पाय एकाच रांगेत असतात आणि ती बोर्डावर उभी राहते. हे ओळखायला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही. ८० च्या दशकातलं म्हणून विकायला आणलेल्या डीएस-१ मध्ये ती उभी चिप दिसली नाही, तर एक तर काळ खोटा आहे किंवा बोर्ड बदललेला आहे.

या पेडलचं खोटं तर स्क्रू काढायच्या आधीच डब्यावर छापलेलं होतं. बॉसने ८० च्या दशकाच्या अखेरीस या पेडलचं काम जपानमधून तैवानला नेलं. त्या काळात डीसी जॅकजवळ, म्हणजे ॲडॅप्टर लावायच्या जागी, ‘एसीए’ हा बॉसचा जुना ॲडॅप्टर वापरा असं लिहिलेलं असे. ‘पीएसए’ या नंतरच्या ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरची खूण १९९७ च्या सुमारास आली. या डब्यावर जॅकजवळ पीएसए आणि तळाला मेड इन जपान. जुन्या डीएस-१ वर या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत. जपानमध्ये बनणारी बॉसची अलीकडची वाझा क्राफ्ट मालिका पीएसएवर चालते हे खरं, पण तिच्यावर मालिकेची वेगळी खूण असते आणि ती कोणी ८० ची म्हणून विकू शकत नाही. लेबल कोणत्याही छपाईच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत तयार होतं. डब्यावरची मूळ छपाई बदलणं तेवढं सोपं नाही, म्हणून नजर आधी तिथे टाकायची.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिच्यामुळे खरा माल परत गेल्याचं आढळतं. एसीएवालं अस्सल जुनं पेडल आजच्या रेग्युलेटेड ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर एकटं लावलं, तर दिवा मंद लागतो आणि आवाज मरगळलेला येतो. ते १२ व्होल्टच्या आसपास देणाऱ्या जुन्या ॲडॅप्टरसाठी बनलेलं असतं आणि आतला रेझिस्टर व डायोड तो दाब उतरवतात. ९ व्होल्ट दिले की सर्किटाला ९ पेक्षा बरेच कमी मिळतात. अशा वेळी नवी बॅटरी घालून बघायचं. बॅटरीवर ते दणदणीत वाजलं, तर पेडल ठणठणीत आहे.

आता व्हिडिओबद्दल. विकणाऱ्याने या मुलाला आधी एक व्हिडिओ पाठवला होता, त्यातला आवाज जबरदस्त होता. व्हिडिओतला आवाज त्याच पेडलचा आहे याची खात्री देता येत नाही, आणि असला तरी तो कशातून वाजतोय हे कळत नाही. गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्‌झच्या वरचे सूर झपाट्याने गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमध्ये कर्कश भाग तिथेच असतो. आपल्याकडे गणपतीत, जयंतीच्या कार्यक्रमात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार बऱ्याचदा पेडलमधून थेट मिक्सरला जाते. तिथे अस्सल डीएस-१ सुद्धा पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजेल, कारण मंडपातला स्पीकर काहीच गाळत नाही. व्हिडिओवाल्याने कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरसारखं गाळणारं फिल्टर, लावलेलं असतं आणि ते सांगत नाही. तुम्ही मिक्सरमध्येच वाजवणार असाल, तर पेडलवर जास्त पैसे घालण्याऐवजी त्यातला काही भाग कॅब सिम्युलेटर किंवा कॅब असलेल्या छोट्या मल्टी-इफेक्टसाठी (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) ठेवा. ‘पेडल खराब निघालं’ म्हणून आलेल्या तक्रारींत ही बाब वेगळी काढावी लागते, कारण तिथे विकणारा खोटा नसतो, जोडणी चुकलेली असते.

डीएस-१ शिवाय आणखी काही ठिकाणी हाच डाव चालतो. प्रोको रॅट या दुसऱ्या डिस्टॉर्शन पेडलच्या जुन्या नगांत एलएम३०८ ही चिप असे, नंतरच्यांत ओपी०७ येते. एलएम३०८ मंद चालीची आहे, त्यामुळे धार थोडी गोल होते आणि जाणकार तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. म्हणून साध्या चिपवर एलएम३०८ छापून विकली जाते. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन चिपवर घासलं आणि काळा रंग बोळ्यावर आला, तर वरचा थर नवा आहे. रॅट घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की आवाज झाकोळतो. तो बिघाड म्हणून दाखवून किंमत पाडणारे आणि खरा बिघाड ‘रॅटचं असंच असतं’ म्हणून खपवणारे, दोन्ही भेटतात.

‘मॉडेड आहे’, म्हणजे आतले भाग बदललेले आहेत, म्हणून दोन-तीन हजार वाढवून सांगितले, तर नेमकं काय बदललं ते विचारा. नेहमीचा बदल म्हणजे एका डायोडच्या जागी एलईडी. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला कापतो, लाल एलईडी १.७ च्या आसपास. त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा होतो. भाग काही रुपयांचा, काम दहा मिनिटांचं. बदल चांगला असेलही, पण त्याचे हजारो रुपये होत नाहीत. आणि आत बोर्डावर काळा एपॉक्सी (वाळून कडक होणारा डिंक) ओतलेला असेल तर घेऊच नका. क्लॉन सेंटॉर या महागड्या पेडलच्या मूळ नगांत तसा थर असतो हे ऐकून लोक तो अस्सलपणाची खूण समजतात. पण एपॉक्सी कोणालाही ओतता येतो, आणि खाली काय आहे ते मग कायमचं झाकलं जातं.

भेटायला जाताना सोबत न्यायचं: सीलबंद ९ व्होल्टची बॅटरी, दोन केबल, हेडफोन लागणारा छोटा ॲम्प, शंभर-दोनशेचा मल्टिमीटर, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि शक्यतो आपली गिटार. जागा म्हणजे कोणाचं घर, सरावाची खोली किंवा निदान प्लगपॉइंट असलेलं हॉटेल. सात रस्त्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून पेडल तपासता येत नाही. आधी डब्यावरची छपाई आणि लेबल ताडून बघा. मग बॅटरी काढून, केबल दोन्हीकडे लावून वाजवा. खरं बॉस बॅटरीशिवाय गिटारचा आवाज पुढे जाऊ देत नाही, कारण पेडल बंद असतानाही सिग्नल आतल्या बफर नावाच्या छोट्या सर्किटातून जातो आणि बफरला वीज लागते. विजेविना आवाज साफ पुढे गेला, तर आत ट्रू बायपासचा, म्हणजे सिग्नल थेट पुढे सोडणारा, खटका आहे, म्हणजे बॉसचा मूळ बोर्ड नाही. बॅटरीची एकच पिन जोडा आणि दुसरी पिन व तिची जोडणी यांच्या मध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरवर धरा. डीएस-१ सारखं साधं सर्किट मोजकेच मिलिअँपिअर खातं. पन्नास-साठ दाखवले, तर आत डिजिटल काहीतरी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. नॉब फिरवताना थोडी खरखर आली तर ती धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. साफ केल्यावरही प्रत्येक वेळी जोरात खरखर आली, तर एखादा कपॅसिटर गळून नॉबवर डीसी येतोय. सगळ्यात शेवटी चार स्क्रू. ‘उघडलं तर वॉरंटी जाईल’ असं जुन्या पेडलबद्दल कोणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

सोबत फुकट मिळालेला ॲडॅप्टर लगेच लावू नका. पेडलला ॲडॅप्टरच्या पिनच्या मध्यभागी उणे लागतं. राउटर आणि सेटटॉप बॉक्सचे ॲडॅप्टर बहुधा मध्ये अधिक असलेले आणि १२ व्होल्टचे असतात. उलटा लावला तर संरक्षक डायोड आपला जीव देतो, तो नसेल तर चिप देते, आणि मग विकणारा म्हणतो ‘तुम्हीच जाळलं’. मल्टिमीटर इथेही कामाला येतो.

पैशाचं थोडक्यात. टोकन म्हणून आगाऊ काही पाठवू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा चोर आहे. पैसे यूपीआयनेच द्या, रोख नको, आणि देण्याआधी चॅटमध्ये मॉडेल, बनावटीचा देश, आतला बोर्ड मूळ आहे की नाही हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. कुरिअरने येत असेल तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, आणि त्यातच तळाची पत्री उघडा.

फसलात तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक तयार ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. प्रत्यक्ष भेटून फसवलं असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली तक्रार देता येते. पूर्वी याच गुन्ह्याला ४२० म्हणत. दुकानदाराने किंवा नियमित विक्री करणाऱ्याने फसवलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीसाठी फी नाही. स्वतःचं एखादं जुनं पेडल विकणारी खाजगी व्यक्ती मात्र ग्राहक कायद्यात बसत नाही, तिथे पोलिसांचाच रस्ता.

आणि तक्रार करायची असेल तर पेडल दुरुस्तीला टाकू नका. बोर्ड, चिपवरची अक्षरं, चिकटवलेलं लेबल आणि जॅकजवळची पीएसएची छपाई यांचे जवळून स्पष्ट फोटो काढा, चॅट न पुसता त्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि पत्री जशी होती तशी लावून पेडल बाजूला ठेवा. एकदा कोणी आतला बोर्ड काढून दुसरा बसवला, की विकताना आत काय होतं ते दाखवायला हातात काहीच उरत नाही.