डेस्कटॉपला वायफाय हवंय: डोंगल, कार्ड की सरळ केबल?

डेस्कटॉपला वायफायच नाही, हे बऱ्याच घरांत कॉम्प्युटर हॉलमधून मुलांच्या खोलीत हलवला की कळतं. फायबरची वायर मुख्य दारातून आत येते, राउटर तिथेच टीव्हीच्या वर लटकतो, आणि पीसी दोन भिंतींपलीकडे. पर्याय तीन: यूएसबी डोंगल, मदरबोर्डवर बसणारं कार्ड, नाहीतर लॅन केबल. दुकानात गेलात तर बहुधा खोक्यावरचा मोठा आकडा आणि अँटेनांची संख्या दाखवली जाईल. तुम्ही विचारा ते वेगळंच: आतली चिप कोणती, आणि माझ्या पीसीवरच्या सिस्टीमसाठी तिचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमला ते उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, मिळतो का?

आधी डोंगल, कारण बहुतेक जण तेच घेतात. नखाएवढं स्वस्त डोंगल, ज्यावर ‘एन१५०’ लिहिलेलं असतं, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाटीच्या सोसायटीत वरच्या, खालच्या आणि शेजारच्या सगळ्यांचे राउटर याच तिघांत कोंबलेले असतात, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. त्यामुळे घ्यायचंच तर दोन्ही पट्ट्यांचं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झसुद्धा पकडणारं घ्या. ‘एसी६००’ या आकड्याला मात्र भुलू नका. ती १५० आणि ४३३ यांची फुगवलेली बेरीज आहे, आणि तुम्ही एका वेळी एकाच पट्ट्यावर असता. ‘एसी१३००’ म्हणजे तसेच ४०० आणि ८६७. हे डोंगल यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये खुपसलं तर पोर्टचीच कमाल ४८० एमबीपीएस, आणि हातात पडतं ते त्याहून बरंच कमी.

मग यूएसबी ३.० मध्ये लावावं, तर तिथे दुसरी गंमत. यूएसबी ३.० चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉपी करायला लावली की वायरलेस माउस अडखळतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. उपाय अगदी स्वस्त आहे. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. कॅबिनेटच्या मागे, लोखंडी पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेल्या डोंगलला रेंज येणार तरी कुठून?

डोंगलचा खरा कच्चा दुवा ड्रायव्हर आहे. ‘ड्रायव्हर फ्री’ म्हणून विकली जाणारी काही डोंगल पहिल्यांदा लावली की सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात, त्यातून ड्रायव्हर बसवतात आणि मग वायफाय म्हणून उठतात. विंडोजवर हे निभतं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमवर, काही डोंगल त्या सोंगातच अडकून राहतात आणि ‘यूएसबी मोडस्विच’ नावाच्या साधनाने त्यांना जागं करावं लागतं. शिवाय एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत चिप वेगळी निघू शकते. नाव तेच, खोका तोच, पण मित्राकडे चाललं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही. मागच्या स्टिकरवरचा आवृत्ती क्रमांक बघूनच पैसे द्या.

कार्ड महाग, आणि त्यासाठी कॅबिनेट उघडावं लागतं. पण पीसी तीन-चार वर्षं वापरायचा असेल तर माझं मत कार्डालाच. मदरबोर्डवर पीसीआयईचा, म्हणजे जादा कार्ड बसवायचा, छोटा स्लॉट रिकामा हवा, बाकी काम एका स्क्रूचं. इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० या चिपवरची कार्डं सहज मिळतात आणि त्यात ब्लूटूथही असतं. इथेच बरेच जण फसतात. या कार्डातलं वायफाय पीसीआयईवर चालतं, पण ब्लूटूथ यूएसबीवर. म्हणून सोबत येणारी बारीक केबल मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला (उभ्या पिनांच्या जोडणीला) जोडावीच लागते. ती राहिली तर वायफाय झक्कास आणि ब्लूटूथ गायब. मग माणूस रात्रभर ड्रायव्हर टाकत बसतो. तो हेडर पुढच्या पॅनेलच्या यूएसबीने आधीच अडवलेला नाही ना, हे विकत घेण्याआधीच बघा. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डासोबत स्क्रूने बसणारी आखूड पत्र्याची पट्टी मिळते का, तेही विचारा.

आणखी एक सापळा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावं जवळपास तीच वाटतात, पण ते तुकडे इंटेलच्या ठरावीक प्लॅटफॉर्मवरच चालतात, कारण वायफायचं अर्धं काम तिथे प्रोसेसर किंवा चिपसेटकडे दिलेलं असतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर त्यांचा उपयोग शून्य. आणि एएक्स२०० असो वा एएक्स२१०, इंटेलचा अधिकृत विंडोज ड्रायव्हर ६४ बिट विंडोज १० पासून पुढे. विंडोज ७ किंवा ३२ बिट विंडोजच ठेवायचं असेल, तर कार्डाचे पैसे वाचवा.

केबलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती चालते. कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते. फक्त घरी केबल टाकणाऱ्याने टोकाच्या प्लगमध्ये आठच्या आठ तारा क्रिम्प केल्यात (दाबून बसवल्यात) का ते बघा. चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसला थांबतो. ऑनलाइन गेम, घरून काम, मोठ्या फाइल यांपैकी काहीही असेल आणि भिंतीच्या कडेने पट्टी मारायला घरच्यांची ना नसेल, तर वरचं सगळं विसरून केबल टाका.

आता ड्रायव्हर आणायचा कुठून? विंडोज ११ मध्ये आधी विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा, तिथे पुष्कळदा तो येऊन पडलेला असतो. नाहीतर चिप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याची साइट. इंटेलचा वायफाय आणि ब्लूटूथ ड्रायव्हर वेगवेगळा उतरवावा लागतो. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत’ असं लाल अक्षरांत ओरडणारी सॉफ्टवेअर मात्र नकोत. चालणारा ड्रायव्हर बदलायला ठोस कारण लागतं. चिपच माहीत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधून ‘हार्डवेअर आयडी’ काढा. त्यातल्या अंकांवरून बनवणारा कळतो. इंटेलच्या पीसीआय उपकरणांचा ८०८६. नव्या ड्रायव्हरने बिघडलं तर तिथेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे.

नेटच नाही, मग नेटचा ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देण्याची सोय) चालू करा. बहुतेक फोन विंडोजला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि फोन वायफायवर असेल तर तेच नेट पीसीला मिळतं, मोबाइल डेटा लागत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचा बेत असेल तर तुलना कार्डाकडे आणखी झुकते: इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, एएक्स२१० चा कर्नलच्या ५.१० आवृत्तीपासून. स्वस्त डोंगलांपैकी अनेकांचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागतो आणि कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो.

राहता राहिले कीबोर्ड-माउस. फक्त त्यांच्यासाठी ब्लूटूथच्या मागे लागू नका. स्वतःचा छोटा रिसीव्हर असलेला जोड यूएसबी कीबोर्ड म्हणूनच ओळखला जातो, म्हणून तो साधारणपणे बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चालतो. ब्लूटूथ कीबोर्ड सहसा विंडोज उघडेपर्यंत मुका असतो. हेडफोनसाठी ब्लूटूथ हवंच असेल आणि मदरबोर्डवर आधीचं जुनं ब्लूटूथ असेल, तर नवं लावण्याआधी जुनं डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’ करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं.